'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटील

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे हे गाव प्रवरेच्या काठी वसले आहे. ज्ञानेश्वरांनी 1290 साली येथेच गीतेवरील आपली टीका सांगितली. पंडितांच्या संस्कृतात असलेले ज्ञान त्यांनी सामान्य जनांच्या बोलीत आणले. त्यामुळे मराठी भाषेच्या इतिहासात या भूमीला मोठा मान आहे. याच नेवासे तालुक्यात, कुकाणे या बाजारगावाच्या परिसरात, तरवडी नावाचे एक लहानसे खेडे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या तालुक्यात एक निराळा उद्योग सुरू झाला. शेतकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांच्या भाषेत लिहिलेले एक साप्ताहिक येथील मातीतून निघू लागले आणि थोड्याच काळात तरवडी हे त्याचे कायमचे घर झाले. त्या साप्ताहिकाचे नाव 'दीनमित्र' आणि ते चालविणाऱ्या पुरुषाचे नाव मुकुंदराव गणपतराव पाटील.

त्या काळापर्यंत वर्तमानपत्र ही शहरातील वस्तू होती. मराठीतील पहिले वृत्तपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली मुंबईत काढले. अहमदनगर शहरात अमेरिकन मिशनच्या लोकांनी 1842 साली 'ज्ञानोदय' सुरू केले. पण तेही काही वर्षांत मुंबईला गेले. पुण्यातून 1881 साली 'केसरी' निघाला. छापखाने शहरांत, लेखक शहरांत, वर्गणीदारही बहुधा शहरांत, अशी सर्व व्यवस्था होती. खेड्यातील माणसाची बातमी शहरातील लेखकाच्या हातून लिहिली जाई आणि ती वाचणाराही शहरातीलच असे. खेड्यानेच लिहावे, खेड्यानेच छापावे आणि खेड्यानेच वाचावे, हा विचार त्या वेळी कोणालाही अशक्य वाटला असता. मुकुंदरावांनी तो सिद्धीस नेला आणि जवळजवळ 57 वर्षे निभावला.

मुकुंदरावांचा जन्म 1885 साली झाला. त्यांचे जन्मदाते कृष्णराव पांडुरंग भालेकर हे महात्मा जोतीराव फुले यांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी होते. जोतीरावांनी 1873 साली पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. शेतकरी व कष्टकरी जनांनी अज्ञानातून बाहेर पडावे, धर्माच्या नावाखाली होणारी फसवणूक ओळखावी आणि शिक्षण घ्यावे, हा त्या समाजाचा उद्देश होता. हे विचार लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी भालेकरांनी 1877 साली पुण्यास 'दीनबंधु' नावाचे साप्ताहिक काढले. द्रव्याच्या अडचणीमुळे त्यांना ते फार दिवस चालविता आले नाही. 1880 साली ते मुंबईस गेले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते पुढे चालविले. चांगल्या हेतूने काढलेले पत्रदेखील पैशावाचून कसे अडते, याचा धडा या घराण्यात असा आधीच मिळालेला होता.

दुसरा धडाही घरातलाच होता. भालेकरांच्या आप्तांपैकी गणपतराव सखाराम पाटील नावाचे एक बुद्धिमान तरुण होते. त्यांनी 1888 साली 'दीनमित्र' नावाचे मासिक सुरू केले. परंतु गणपतराव अल्पायुषी ठरले आणि त्यांच्यामागे मासिकही बंद पडले. त्यांचे घर पुढे चालावे म्हणून भालेकरांचा मुलगा मुकुंद त्या घरी दत्तक देण्यात आला. अशा रीतीने एका पत्रकाराच्या पोटी जन्मलेला हा मुलगा दुसऱ्या पत्रकाराच्या घराचा वारस झाला. वारसा म्हणून त्याला पाटील घराण्याचे नाव व शेतीवाडी मिळाली. आणि त्याबरोबरच एका बंद पडलेल्या मासिकाचे नावही मिळाले.

मुकुंदराव ज्या मुलखात वाढले तो मुलूख कोरडवाहू शेतीचा होता. पाऊस आला तर ज्वारी-बाजरी पिकावी, न आला तर सावकाराच्या दारी जावे, असा तेथील शेतकऱ्याचा जीवनक्रम होता. त्यांच्या जन्मापूर्वी दहा वर्षे, म्हणजे 1875 साली, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले होते. त्या दंग्यांत अनेक ठिकाणी लोकांनी सावकारांच्या घरांतील कर्जरोखे काढून जाळून टाकले. त्यानंतर सरकारने 1879 साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. परंतु ज्याला वाचता येत नाही, त्याला कायद्याचा उपयोग तरी किती होणार? कागदावर काय लिहिले आहे हे न समजता अंगठा उठविणारा शेतकरी पूर्वीइतकाच असहाय राहिला. 1899-1900 साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मुकुंदराव चौदा-पंधरा वर्षांचे होते. गुरे चाऱ्यावाचून मेली, माणसे पोटासाठी गावे सोडून गेली. ज्या वयात मनावर पडलेला ठसा जन्मभर पुसत नाही, त्या वयात त्यांनी हा काळ अनुभवला.

मे 1910 मध्ये कृष्णराव भालेकर निवर्तले. त्याच वर्षी 23 नोव्हेंबर रोजी मुकुंदरावांनी 'दीनमित्र' पुन्हा सुरू केला. मात्र आता तो मासिक न राहता साप्ताहिक झाला. मुकुंदराव त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. शेती हा त्यांचा वडिलोपार्जित उद्योग होता. लेखन व प्रकाशन हा दुसरा उद्योग त्यांनी स्वतःच्या निश्चयाने पत्करला. पहिला उद्योग पोट भरणारा होता. दुसरा मिळालेले पोटातून काढून घेणारा होता. तरीही त्यांनी पहिल्याच्या आधाराने दुसरा उभा केला. यात त्यांचा दूरदर्शीपणा होता. ज्याची उपजीविका कोणा धनिकाच्या अगर अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही, त्याची लेखणीही कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. शेतीने त्यांना हे स्वातंत्र्य दिले.

'दीनमित्र' पुन्हा निघाला ते वर्ष वृत्तपत्रांना अनुकूल नव्हते. 1910 साली इंग्रज सरकारने छापखान्यांविषयी एक कडक कायदा केला होता. नवा छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2000 रुपयांपर्यंत जामीन रक्कम मागण्याचा अधिकार त्या कायद्याने मिळाला होता. आक्षेपार्ह मजकूर छापला असे सरकारला वाटले, तर ती रक्कम जप्त होई. त्या काळी एवढी रक्कम म्हणजे एका मध्यम शेतकऱ्याचे अनेक वर्षांचे उत्पन्न. शहरातील पुष्कळ पत्रे या कायद्याच्या धाकाने बंद पडली. अशा वेळी एका खेड्यातील तरुणाने वर्तमानपत्र काढावे, हे मोठे धाडस होते.

त्यांना पुण्यास किंवा मुंबईस जाता आले नसते असे नाही. तेथे छापखाने होते, कागद मिळत होता, लिहिणारे स्नेही होते. परंतु ज्यांच्यासाठी लिहावयाचे ते लोक तेथे नव्हते. लेखक वाचकांपासून दूर गेला की त्याची भाषाही हळूहळू दूर जाते, हे मुकुंदरावांनी ओळखले असावे. म्हणून त्यांनी खेडे सोडले नाही. छापखानाच खेड्यात आणला.

खेड्यात छापखाना चालविणे म्हणजे काय, हे आज समजावयाचे असेल तर त्या काळची छपाई कशी होती ते पाहिले पाहिजे. प्रत्येक अक्षराचा शिशाचा वेगळा खिळा असे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे असल्यामुळे खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून जुळारी ओळ तयार करी. ओळींचे रकाने होत, रकान्यांचे पान होई. खिळे उलटे असल्याने ते वाचण्यास सवयीची नजर लागे. मग पान घट्ट आवळून यंत्रावर चढवावे, रुळाने शाई लावावी आणि एकेक कागद हाताने घालून छापावा. छपाई झाली की सर्व खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकावयाचे, कारण पुढच्या आठवड्यात तेच खिळे लागणार. वीज नव्हती. कागद व शाई दूरच्या शहरातून येई. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 पासून अहमदनगरावरून जात होता. पण आगगाडीच्या स्थानकापासून नेवासे तालुक्याच्या पूर्वभागापर्यंतचा प्रवास बैलगाडीचाच होता. पावसाळ्यात ओढे-नाले भरले की तोही अडे.

आणि अंक छापून झाला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो वाचकाच्या हाती पडला पाहिजे. टपालातून गावोगावी अंक जात. 1911 सालच्या जनगणनेत साऱ्या देशात शंभरांत सुमारे सहा माणसेच साक्षर होती. खेड्यातील शेतकऱ्यांत तर त्याहून कमी. मग शेतकऱ्यांचे वर्तमानपत्र वाचणार कोण? याचे उत्तर खेड्याच्या जुन्या रिवाजात होते. पोथी एकाने वाचावी आणि दहांनी ऐकावी, ही पद्धत गावोगाव रूढ होती. पारावर अगर चावडीवर एखादा शिकलेला मुलगा अक्षर लावून वाची आणि भोवती बसलेली मोठी माणसे ऐकत. अशा समाजात एका अंकाचे वाचक मोजताना ऐकणारेही मोजावे लागतात. मुकुंदरावांचे लिखाणही ऐकण्यास सोपे जाईल असेच होते. लहान वाक्ये, शेतातले दाखले, म्हणी, बोचरा विनोद आणि रोखठोक निष्कर्ष ही त्यांच्या गद्याची लक्षणे होत.

मुकुंदराव केवळ संपादक नव्हते. ते कादंबरीकार होते, कवी होते आणि आपल्या ग्रंथांचे प्रकाशकही होते. 'दीनमित्र' ज्या वर्षी सुरू झाला त्याच 1910 साली त्यांची 'होळीची पोळी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' ही कादंबरी आली. दुसऱ्याच्या अन्नावर पुष्ट होणाऱ्या ढोंगी शास्त्रीबुवांचा उपहास तिच्या नावातच उमटला आहे. त्या काळची बहुतेक मराठी कादंबरी शहरातील सुशिक्षित कुटुंबांच्या सुखदुःखांत रमलेली होती. खेड्यातील माणसांना कथेत आणून त्यांच्यावरील अन्यायाला वाचा फोडणाऱ्या आरंभीच्या लेखकांत मुकुंदरावांची गणना होते.

त्यांचे सर्वांत गाजलेले काव्य म्हणजे 1913 सालचे 'कुलकर्णीलीलामृत'. या काव्याचे मर्म कळण्यासाठी जुन्या गावगाड्याची थोडी ओळख हवी. गावाच्या कारभारात पाटील हा प्रमुख आणि कुलकर्णी हा हिशेबनीस. जमिनी कोणाच्या नावावर, सारा किती, भरला किती, बाकी किती, हे सर्व कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. हे काम वंशपरंपरेने एकाच घराण्याकडे चाले. गावातील बाकीचे लोक निरक्षर असल्यामुळे दप्तरात काय लिहिले आहे हे त्यांना पडताळून पाहता येत नसे. पाटील स्वतःही पुष्कळदा निरक्षरच असे. ज्याच्या हाती एकट्याच्याच लेखणी आहे, तो प्रामाणिक असेल तर गावाचे भाग्य. नसेल तर एका ओळीने शेतकऱ्याचे शेत जाई. मुकुंदरावांनी हा अन्याय काव्याचा विषय केला. त्यासाठी त्यांनी पोथीचीच ओवी वापरली. देवादिकांच्या लीला ज्या छंदात भक्तिभावाने ऐकावयाच्या, त्याच छंदात गावच्या लेखणीबहाद्दराच्या लीला ऐकताना श्रोत्यांना हसू येई आणि हसता हसता आपली फसवणूक कोठे होते तेही उमगे. सावकारांच्या कारवायांवर त्यांनी 'शेटजीप्रताप' हे काव्य लिहिले. पहिल्या काव्यात दप्तराचा, तर दुसऱ्यात कर्जाच्या कागदाचा कावा उघड केलेला आहे.

कुलकर्णी वतनाविरुद्धची ही चळवळ मुकुंदरावांपुरती मर्यादित नव्हती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात ही वतने 1950 सालच्या कायद्याने संपूर्ण नाहीशी झाली. एका खेडेगावातील लेखकाने 1913 साली ज्या गोष्टीची मागणी विनोदाच्या वेषात केली होती, ती सुमारे चाळीस वर्षांनी कायद्याने साध्य झाली. विशेष असे की, वतनी पाटीलकीही 1962 सालच्या कायद्याने मोडली गेली. स्वतः पाटील घराण्यातील असलेल्या मुकुंदरावांनी आपल्या उतारवयात हेही पाहिले.

लेखक, मुद्रक आणि प्रकाशक या तिन्ही भूमिका एकाच माणसाने घेतल्या म्हणजे त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही, हा मोठा लाभ आहे. शहरातील प्रकाशकाने 'कुलकर्णीलीलामृत' छापण्यास स्वीकारले असते की नाही, याची शंकाच आहे. पण या स्वातंत्र्याची किंमतही एकट्यानेच भरावी लागते. दुष्काळी वर्षात वर्गणीदाराच्या घरी धान्य नसे, मग तो वर्गणी कोठून पाठविणार? गरिबांचे पत्र गरिबांच्याच पैशावर चालवावयाचे, तर गरिबांचा दुष्काळ हा पत्राचाही दुष्काळ होतो. भालेकरांचे 'दीनबंधु' याच अडचणीपायी त्यांच्या हातून गेले होते. मुकुंदरावांनी तसे होऊ दिले नाही. काटकसर, सातत्य आणि शेतीचा आधार यांच्या बळावर त्यांनी 'दीनमित्र' जिवंत ठेवला.

त्यांची लेखणी तिखट होती. भिक्षुकशाही, जातिभेद आणि अस्पृश्यता यांवर त्यांनी कठोर प्रहार केले. पुष्कळांची मने त्यामुळे दुखावली आणि त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांच्या काही लेखांतील भाषा आजच्या वाचकाला अधिक कडक वाटेल. एखाद्या दोषाचे खापर सबंध वर्गावर फोडले जाते, असाही आक्षेप घेता येईल. परंतु त्यांनी आपल्या स्वतःच्या समाजालाही सोडले नाही, हे विसरता कामा नये. ऋण काढून लग्ने करणारा शेतकरी, अंगात आलेल्या देवापुढे लोळण घेणारा भाबडा भक्त, मुलाला शाळेतून काढून गुरांमागे धाडणारा बाप, या सर्वांना त्यांनी तितक्याच परखडपणे जागे केले. ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांनाच त्यांचे दोष तोंडावर सांगण्याचे धैर्य करावे लागते. मुकुंदरावांनी आपल्याच वर्गणीदारांची नाराजी पत्करून हे केले.

'दीनमित्रा'च्या या दीर्घ आयुष्यात जगात केवढ्या उलथापालथी झाल्या! 1914 ते 1918 या काळात पहिले महायुद्ध झाले. त्याच्या अखेरीस इन्फ्लुएन्झाच्या साथीने खेडीच्या खेडी ओस पडली. दुसऱ्या महायुद्धात कागदाची एवढी टंचाई झाली की मोठमोठ्या शहरी पत्रांनाही पाने कमी करावी लागली. 1947 साली देश स्वतंत्र झाला, 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांमुळे शेतकऱ्यांची मुले शाळांत जाऊ लागली. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी 1950 साली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या शेतकऱ्याला 1910 साली पावती वाचता येत नव्हती, त्याचा नातू आता कारखान्याच्या सभेत हिशेब विचारू लागला. हा बदल पुष्कळांच्या कष्टांनी घडला. त्यांत तरवडीच्या छापखान्याचाही वाटा होता.

20 डिसेंबर 1967 रोजी मुकुंदरावांचे निधन झाले आणि त्यांच्याबरोबर 'दीनमित्रा'चे पर्वही संपले. बंद पडलेले एक नाव त्यांनी तरुणपणी उचलले होते. ते अखेरच्या श्वासापर्यंत त्यांनी खाली ठेवले नाही. त्यांचे लेखन आज इतिहासाच्या अभ्यासकांना फार मोलाचे वाटते. कारण त्या काळच्या सरकारी कागदांत शेतकरी हा साऱ्याची रक्कम म्हणून दिसतो, शहरातील पत्रांत तो दुष्काळाची बातमी म्हणून दिसतो; 'दीनमित्रा'त मात्र तो स्वतः बोलताना दिसतो. तरवडी येथे मुकुंदरावांचे स्मारक उभारण्यात आले आहे आणि त्यांच्या नावाने साहित्यिकांना पुरस्कारही दिले जातात.

मोठे कार्य करण्यासाठी मोठ्या शहरी जावे लागते, असे पुष्कळांना वाटते. मुकुंदरावांना राजधानी लाभली नाही, विपुल द्रव्य लाभले नाही, की सत्तेचा आश्रय लाभला नाही. थोडी जमीन, काही मण शिशाचे खिळे आणि न कंटाळता दर आठवड्याला नवे पान जुळविण्याची चिकाटी, एवढेच त्यांचे भांडवल होते. गावात लेखणी एकाच्याच हाती असली की बाकीच्यांना मुकाट राहावे लागते, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. म्हणून त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली आणि ती आपल्याजवळ न ठेवता गावोगावच्या लोकांपर्यंत पोहोचविली. नेवाशाच्या भूमीने मराठी भाषेला दिलेल्या देणग्यांमध्ये तरवडीच्या या शेतकरी संपादकाची आठवणही आदराने केली पाहिजे.